आकड्यांशिवायची रुंदी

नवं राज्य झालं आणि दादाचं ऑफिस उज्जैनहून भोपाळला हललं. दादा, वहिनी आणि आई जाणार हे नक्की होतं. माझं नक्की नव्हतं. मॅट्रिक झालो तर दादाचे साहेब मला तिथे कारकून म्हणून लावून घेणार होते. नाही तर टावर चौकातल्या कापडाच्या दुकानातली नोकरी होतीच, गिऱ्हाइकं पटवायला.

म्हणून दादा संध्याकाळी मला बीजगणित शिकवी. परिमिती साठ, लांबी अठरा, तर रुंदी किती? मी दहा धरून बघे. परिमिती छप्पन्न येई, कमी पडे. तेरा धरले की बासष्ट, जास्त. मग बारा. बसलं.

"कशी काढलीस?"

"भाव करतो तशी. आधी कमी सांगायचं, मग चढायचं."

"अरे, ही रुंदी आहे. राम घाटावरची फुलवाली नाही."

"उत्तर चुकलं का?"

उत्तर चुकत नसे, त्याचाच त्याला राग येई. माझाही पारा लवकर चढतो. एकदा मी पाटी भिरकावली. "येतंय ना त्याला, मग का छळतोस?" आई म्हणाली. दादाने पाटी उचलून फळीवर ठेवली आणि शिकवणं सोडलं.

पेपरात आलं: प = २(ल + र), तर र काढा. आकडा एकही नाही. मी कशाला दहा म्हणू, आणि कमी झालं की जास्त, हे मला कोण सांगणार? बाकीची गणितंही बरीचशी तशीच होती. नापास झालो.

ते निघाले त्या दिवशी टांगा मीच ठरवला. "भैया, सामान तो देखो, फिर बोलो," टांगेवाला म्हणाला. तरी निम्म्यावर आणला. दादा वहिनीला म्हणाला, "हे मात्र याला येतं." वहिनी हसली. आई स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मला डबा कुणाकडे लावायचा तेच सांगत राहिली.

दुपारी घरी आलो. फळीवर पाटी तशीच होती. चुलीतला कोळसा घेऊन मी भिंतीवर ते सूत्र लिहिलं. दोन दोन्हीकडून काढले: प चं निम्मं म्हणजे ल आणि र. त्यातून ल वजा केला. र उरला. चहाला उकळी यायच्या आत झालं.

एक संध्याकाळ दादाने आकडे काढून घेतले असते, नुसती अक्षरं समोर ठेवली असती, तर मी भांडलो असतो, पण शिकलो असतो. आज माझी स्वतःची दुकानं आहेत, आणि हा राग अजून तसाच आहे.

त्या दुपारी मग सवयीने साठ आणि अठरा घालून पाहिले. बारा आले. दादाला दाखवायला मी वळलो, तर समोर त्याच्या कोटाची रिकामी खुंटी होती.