पाच वेळा थांबलेला ट्रक

खिंडीचा चढ अर्धाही झाला नव्हता आणि ट्रक तिसऱ्यांदा मेला. आधी एक उचकी, मग दोन, मग घसा बसलेल्या माणसासारखं खुळ्ळ-खुळ्ळ, आणि शेवटी फुस्. काचकीनने ब्रेक दाबून धरला. सून नुरझात उडी मारून उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावून आली. या वेळी तिला सांगावंही लागलं नाही, हेच काचकीनला जास्त लागलं.

मागे सगळा संसार रचलेला होता. यूर्तच्या, म्हणजे तंबूघराच्या, कांबी, लोकरी नमद्याच्या गुंडाळ्या, पिठाची पोती, चूल. वर जाइलूत, म्हणजे उन्हाळी कुरणावर, काचकीनचा मुलगा तिलेक आणि काचकीनची बायको बातमा मेंढ्या घेऊन कधीच पोचले होते. निघण्याआधी तिलेकने जेवता जेवता, बापाकडे न बघता सांगून टाकलं होतं की गेल्या वर्षीसारखा ट्रक खिंडीत बसला, तर पानगळीत नारिन शहरातला भंगारवाला येऊन घेऊन जाईल. आवाजात राग नव्हता. तो चिडला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

हा ट्रक काचकीनपेक्षा सतरा वर्षांनी लहान. सामुदायिक शेतीच्या दिवसांत तीस वर्षं काचकीन तिथल्या गॅरेजचा मिस्त्री होता, आणि शेती मोडली तेव्हा लोकांनी गायी मागितल्या, यानं हा ट्रक मागून घेतला. काचकीनची कीर्ती कानाची. लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, एक डोळा मिटलेला, आणि सगळ्या गॅरेजला हुकूम: "श्श." मग डॉक्टरच्या थाटात निदान यायचं, "तिसरा व्हॉल्व्ह रडतोय." उघडून बघावं तर तिसराच रडत असायचा. गावातली पोरं काठी कानाला लावून त्याची नक्कल करायची. हल्ली मात्र त्याला सगळीच इंजिनं जरा शांत झाल्यासारखी वाटत. वयानं माणूस मवाळ होतो, तशी यंत्रंही होत असतील, असं तो धरून चालला होता.

पहिल्यांदा ट्रक थांबला ओढ्याजवळ. काचकीनने कार्बोरेटर उतरवला, त्यातला बारीक भोकाचा जेट काढला, फुंकला आणि घोड्याच्या शेपटीचा केस त्यातून ओवून काढला. तार घालायची नाही, तारेनं भोक मोठं होतं, हे त्यानं नुरझातला दोनदा सांगितलं. अर्ध्या तासानं सगळं बसवलं आणि ट्रक भुर्रकन सुरू झाला. "कचरा होता," काचकीन म्हणाला. केसाला कचरा काही लागलेला नव्हता.

दुसऱ्यांदा पुन्हा कार्बोरेटर उतरला. सुटे भाग धुवायला त्यानं नुरझातला टाकीतून वाटीभर पेट्रोल काढायला लावलं. टाकीचं झाकण हा त्याचा या हिवाळ्यातला अभिमान होता. गेल्या वर्षी चढावर पेट्रोल हिंदकळून बाहेर आलं, वास पिठात शिरला, आणि बातमानं उन्हाळाभर जेवताना विचारलं की भाकरी चुलीत भाजू की काडी लावू. म्हणून त्यानं स्वतःच्या मेंढीच्या लोकरीचा नमदा घट्ट ठोकला, दुंबा मेंढ्याच्या जाड शेपटीच्या चरबीत मुरवला आणि झाकणात आतून असा बसवला की थेंब गळेना. सगळ्या गावाला दाखवून झालं होतं. नुरझातने दोन्ही हातांनी जोर लावून ते उघडलं, जरा थबकली, पेट्रोल काढलं आणि पुन्हा बंद केलं. सून सासऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, तिथे त्याच्या कामावर काय बोलणार.

भाग धुऊन बसवल्यावर त्यानं ओढ्यात फडकं भिजवून पंपाला गुंडाळलं. पेट्रोल तापून त्याची वाफ होत असेल, असा त्याचा हिशेब. तेवढ्यात मेंढ्या हाकत शेजारचा सागीन घोड्यावरून आला.

"काचके, ट्रकला ताप आलाय का?"

काचकीन फडकं पिळत राहिला.

"ओढ्यात बर्फ वाहतंय आणि तू त्याला पट्ट्या ठेवतोस," सागीन म्हणाला. "बरा होईपर्यंत मी वर जाऊन तिलेकला चहा टाकायला सांगतो."

तो आता तिलेकला सगळं रंगवून सांगणार होता, नाकातून, हातवारे करून. काचकीनला ते इथूनच ऐकू येत होतं.

आणि आता हा तिसरा थांबा. या खेपेला त्यानं पंप उघडला. आतला पडदा धड होता, काचेची वाटी मात्र कोरडी. हातानं दांडी पंप केली तरी थेंब चढेना. स्क्रू बोटांतून निसटून दोनदा गवतात पडला, दोन्ही वेळा नुरझातने शोधून दिला. पंप बसेपर्यंत पाऊण तास गेला आणि ट्रक सुरू झाला, जणू काही झालंच नव्हतं. काचकीनला याचीच आता भीती वाटू लागली. काय बिघडलं ते कळलं नाही, काय दुरुस्त झालं तेही कळलं नाही.

चौथ्यांदा ते अगदी माथ्याखाली थांबले. रस्त्याकडेला मळकं बर्फ होतं. काचकीन उतरून उघड्या बॉनेटसमोर नुसता उभा राहिला. मग पेट्रोल तरी आहे का ते काठी घालून बघ, म्हणाला.

नुरझातने झाकण फिरवलं. सूऽऽऽस. आणि टाकीचा पत्रा टण्ण करून फुगला.

काचकीनची मानही वळली नाही.

तिनं काठी घातली, पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून ती तशीच उभी राहिली. मग टाकीवर हात ठेवून टाकीलाच म्हणाली, "तोंड उघडलं की केवढा श्वास ओढतेस गं. मघाशीही ओढलास. कोंडतंय का तुला?"

"कोण काय ओढतंय?" काचकीनने विचारलं.

"आवाज आला ना, आबा. मोठा आला."

"मी इथेच तर उभा आहे."

नुरझात खाली बघू लागली. "आला," ती हळूच म्हणाली.

काचकीनने कशालाही हात न लावता ट्रक सुरू करून पाहिला. पहिल्याच झटक्याला झाला. तो उतरून टाकीपाशी आला. मग झाकण मुद्दाम आवळून घट्ट केलं आणि माथा ओलांडून, ट्रक उचक्या देऊन मरेपर्यंत चालवला. पाचव्यांदा. उतरून त्यानं झाकण एक आटा सैल केलं आणि ओला अंगठा कडेला धरला. गार वारा अंगठ्याला घासून आत शिरत होता. कानात काहीच नव्हतं. त्यानं सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला ऐकू येत होतं.

झाकणाच्या भोकातून टाकीत हवा जावी लागते, नाहीतर आत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, हे त्यानं गॅरेजात किती नवख्यांना शिकवलं होतं. तेच भोक त्यानं चरबी लावून बुजवलं होतं. अर्धा अर्धा तास खोलाखोल चाले, तेवढ्यात कुठूनतरी हवा झिरपायची, आणि श्रेय घोड्याच्या केसाला जायचं. त्यानं सुरी काढून नमदा कापून टाकला. पुढे ट्रक एकदाही अडला नाही.

जाइलूत तिलेक वाटेवरच उभा होता. सागीनने आपलं काम केलं होतं, तिलेकच्या तोंडावरून कळत होतं. "किती वेळा?" त्यानं बायकोला विचारलं. नुरझात दोऱ्या सोडायला मागे गेली.

"पाच," काचकीन म्हणाला. "शेवटच्या खेपेला मीच थांबवला. ट्रकला काही झालेलं नाही. झाकण मी बुजवलं होतं. झाकण उघडलं की दर वेळी टाकी शीळ घालत होती आणि मला ऐकू आली नाही. हिला आली."

तिलेकची नजर मागे दोऱ्या सोडणाऱ्या नुरझातकडे गेली.

"भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव." काचकीनने किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. "आणि उतरताना नुरझात चालवेल. तिला येतं."

तिलेकने पहिल्यांदाच बापाकडे नीट पाहिलं आणि काहीतरी बोलला. वारा उलटा होता. काचकीनने ऐकल्यासारखी मान हलवली आणि कांबी उतरवायला गेला.