आधी ‘अगं’ कुणी म्हणायचं

माझी विहीण जपानची. लातुरात हे सांगितलं की बायका आधी हसतात, मग विचारतात, बोलता कसं? आम्ही बोलत नव्हतोच, पोस्टकार्डं लिहायचो.

तिचं कार्ड आलं की मी फोटो काढून तिकडं मुलाला पाठवायची अन् तो फोनवर मराठीत सांगायचा. आधी ऋतू: थंडी ओसरली, चेरीला कळ्या धरल्या. मग माझ्या तब्येतीची चौकशी, शेवटी ‘अंगाला जपा’. सगळं अदबीनं, अहो-जाहो घालून. मला आवडायचं. आपल्याकडं तरी पाऊसपाणी विचारल्याबिगर बोलणं कुठं सुरू होतं? उत्तर मुलगा जपानीत लिहून पाठवायचा आणि मी रांगोळी काढावी तशी एकेक अक्षर बघून काढायची. पहिल्या कार्डात मला ‘शरणार्थ’ लिहायचं होतं, आमच्यात भेटल्यावर तसंच म्हणतात. तो म्हणाला, तिकडं रीत वेगळी हाय, मानाचा नमस्कार घालू. घातला.

वर्षं गेली. नात झाली. बाळंतपणाला विहीण एकटी राबली, मला जायला जमलं न्हाई. तरी आमचा तो मानाचा नमस्कार काही खाली उतरेना. मला लई वाटायचं, एकदा सरळ लिहावं: अगं, कशी हायेस? माझे तर गुडघे दुखायलेत. मुलगा म्हणाला, तिथंही मैत्रिणी साधंच लिहितात, लिही की. पण मीच अडले. मी पडले मुलाची आई. मी अगं-तुगं केलं आणि तिला वाटलं, वरमाय तोरा दाखवायली, तर? तिनं आधी लिहू दे, मग मी लिहीन, असं मनाशी ठरवलं.

तिनं लिहिलं न्हाई. गेल्या हिवाळ्यात ती गेली, साध्या तापाचं निमित्त झालं.

सून फोनवर रडत जपानीतच बोलत होती, मुलगा मधे मराठीत सांगत होता. दर कार्डाच्या वेळी तिची आई म्हणायची म्हणे, मला साधं लिहावंसं वाटतं, पण त्या वयानं मोठ्या, त्यांच्या आधी मी कसं लिहू? मोठी तरी किती, दोन वर्षांनी! पहले आप, पहले आप करत गाडी निघून गेली. कपाळ माझं.

नव्या वर्षाला व्याह्यांना तरी कार्ड टाकावं म्हणून बसले, तर मुलगा म्हणाला, सुतकाच्या वर्षी त्यांच्यात शुभेच्छा धाडत न्हाईत. कार्ड कोरंच राहिलं. लई जीव तुटला.

मग सुनेला फोन लावला. ती मोडकंतोडकं मराठी बोलते, मला ‘अहो आई’ म्हणते. आपल्यात आईला ए म्हणतात, सासूला अहो, हे लग्नात मीच तिला बसवून शिकवलं होतं. आता कुणाची वाट बघायची न्हाई, असं ठरवूनच बोलले.

“अगं, आजपासून मला अहो नको. ए आई म्हण.”



“बरं, अहो आई,” ती म्हणाली.