नावाची बिमारी

तात्यांच्या पाया पडलं की आशीर्वाद नंतर, आधी सदऱ्याची वरची दोन बटणं सुटायची. गळ्याच्या खळगीपासून पोटापर्यंत गेलेला तो टाक्यांचा व्रण समोरच्याने नीट बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, तात्या छाती उघडी करत आणि व्रणावरून अंगठा फिरवत म्हणत, "हे पाहा. मधातून फाडली छाती. करवतीनं. लाकूड फाडतेत तशी." लहान लेकरं रडायला लागली की त्यांना आणखी हुरूप यायचा. एकदा तर पंगत बसलेली, वरणाची बादली फिरत होती, आणि तात्या बटणं सोडून उभे. तेव्हापासून मला त्या व्रणाची शिसारी बसली ती कायमची.

तात्या म्हणजे माझे सख्खे थोरले काका. कुरुंद्याला त्यांचा हळदीचा मळा. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे तात्यांचं घर हेच माझं माहेर, आणि मी वसमतला शाळेत शिकवत असल्याने ते माहेर हाकेच्या अंतरावर. तात्या पहिल्यापासून असे नव्हते, हे सांगायला हवं. हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायचे आणि नुसत्या आवाजावरून माल किती वाळलाय ते सांगायचे. माझ्या दहावीच्या परीक्षेला मला सायकलवर डबलशीट नेऊन, पेपर सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहणारे तात्या मला अजून दिसतात. पुढे एका हळदीच्या हंगामात त्यांच्या छातीत कळ आली, नांदेडला नेलं, बायपास झाली. गेला तो शेतकरी होता. परत आला तो पेशंट, आणि पेशंट म्हणूनच त्यांनी पुढची सगळी वर्षं मोठ्या थाटात काढली.

दवाखान्यातून ते नुसते बरे होऊन आले नाहीत, शब्द घेऊन आले. ब्लॉकेज, ग्राफ्ट, टू-डी इको, इजेक्शन फ्रॅक्शन. कुणी साधं "कसं काय तात्या?" म्हटलं, तर "इजेक्शन फ्रॅक्शन पंचेचाळीस हाय" असं उत्तर मिळे. विचारणारा बिचारा मान हलवून पुढे जाई. हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं त्याचं ते माप, एवढं मी वाचून काढलं होतं. तात्यांना अर्थाशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना शब्दाचा रुबाब हवा होता. "माझी एलएडी बंद पडली होती," ते सांगत, "हार्टाची सगळ्यात मोठी नस. डॉक्टर लोक तिला विधवा करणारी म्हणतेत." आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकूकडे बोट करून हसत, "हिला इचारा. थोडक्यात वाचली." लोक हसत. काकूही हसे. मी माझा कप तसाच ट्रेमध्ये परत ठेवी.

गावात कुणी आजारी पडलं की तात्या भेटायला हटकून जात. लोकांना वाटे, केवढी माया. शेजारच्या गणपतरावांना स्टेंट बसवला तेव्हा मीही सोबत होते. गणपतराव उशीला टेकून, जिवावरचं टळलं म्हणून हात जोडत सगळ्यांना सांगत होते. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्टेंट व्हय? म्हंजे स्प्रिंग. चिल्लर काम हाय ते. नळी घातली, फुगा फुगवला, झालं. छाती न्हाई ना फाडली?" गणपतरावांनी जोडलेले हात खाली घेतले. परतताना तात्या एकदम खुशीत होते.

त्यांचं एक ब्रीदवाक्यच होतं. "बिमारी कशी, नावाची पाहिजे. ठसका, पडसं, दम, ह्या काय बिमाऱ्या हायेत? दम तं बैलालाबी लागते."

हे वाक्य दर वेळी जिच्या कानावर पडे ती काकू. तिला दम लागायचा.

काकूचा दम मी वर्षानुवर्षं बघत होते. हळद शिजवताना कढईखालच्या धुरात तीच, वाळलेली हळद पॉलिशच्या ढोलातून निघताना उडणाऱ्या पिवळ्या धुळीत तीच. अंगणातून स्वयंपाकघरात येताना ती चौकटीशी थांबे आणि पदर सारखा करत राही. पदर सारखाच असे, तिला श्वास गोळा करायचा असे. रात्री आडवं पडलं की कोंडतं म्हणून ती हळदीच्या पोत्याला पाठ लावून बसल्या बसल्या झोपे. विचारलं की म्हणे, "मला काय धाड भरली? जरासा दम लागून राहिला. त्याइचं बघा आधी, हार्टाचं हाय त्याइला."

त्याइचं बघणं म्हणजे काय, तर दोन स्वयंपाक. तात्यांचा बिनमिठाचा, बिनतेलाचा वेगळा. घरात गॅस होता, चांगला दोन शेगड्यांचा. पण तात्यांनी ठरवून टाकलं होतं की गॅसवरची भाकर त्यांच्या हार्टला चालत नाही, तिने नाडी वाढते. हे त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलं कोण जाणे. त्यामुळे रोज दोन वेळा काकू चुलीपुढे. फुंकणीत फुंकर मारायला तिच्याकडे श्वास नसायचा, तर ती पुठ्ठ्याने वारा घालायची. मी एकदा म्हटलं, "तात्या, धुराने काकूचा दम वाढतोय." ते म्हणाले, "चुलीवरची खाऊन माझी माय नव्वद वर्सं जगली. तुमच्या शाळेत काहीबी शिकवतेत."

करोनाच्या काळात तात्यांनी रक्तातला प्राणवायू मोजायचं ते बोटाला लावायचं यंत्र आणलं, ऑक्सिमीटर. साथ गेली तरी ते बोटावरून उतरलं नाही. अंगठी मिरवावी तसे ते मिरवत आणि "अठ्ठ्याण्णव" म्हणून आकडा दाखवत. एका रविवारी मी ते त्यांच्या बोटावरून काढलं आणि काकूच्या बोटाला लावलं. आकडा आला चौऱ्याऐंशी. नव्वदच्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे त्या साथीत सगळ्यांना पाठ झालं होतं.

"मशीन चुकलं," तात्या म्हणाले.

"आत्ता तर तुमचं बरोबर दाखवत होतं."

"तिची बोटं पाहा की. हळदीनं पिवळी झालेली हायेत. हळदीतून उजेड पार होत न्हाई, म्हणून चुकते ते."

मी काकूला मोरीत नेलं, साबणाने तिचा हात घासला, नखं घासली, पुसून पुन्हा लावलं. चौऱ्याऐंशीच. तात्यांनी यंत्र काढून घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा आपल्या बोटाला चढवलं. "जुनी हळद हाय ती. साबणानं निघत न्हाई." आणि आपला आकडा बघून त्यांचा चेहरा उजळला. माणसाची किळस येते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी नीट कळलं. अंगावर काटा येतो आणि त्याच्या हाताला लागलेली वस्तूही नकोशी होते.

तरी मी तोंड गोड ठेवलं, कारण गाडी त्यांची होती आणि काकू त्यांच्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. नांदेडला ते तपासणीला जात त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर छातीचे डॉक्टर बसत. मी तात्यांना विनवलं, पुढच्या खेपेला काकूलाही न्या, तुमचं होईतोवर तिचं दाखवून होईल. त्यांनी मान डोलावली. ते नांदेडला गेले त्या दिवशी संध्याकाळी मी कुरुंद्याला जाऊन थांबले. गाडी आली. तात्या उतरले, "इको एक नंबर निघाला." मागून काकू उतरली, हातात त्यांच्या फायलींची पिशवी आणि रिकामा डबा.

"काकूला दाखवलं?"

"न्हाई. लिफ्ट बंद होती. चार पायऱ्या चढली अन् खालीच बसली." तात्या खाटेवर टेकले. "जिनाच चढवंना तिला, तं वर नेऊन काय करावं?"

दिवसभर ती खालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पायांवर सूज होती, जोडवी बोटात रुतली होती. हेही मी तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "परवासात पाय सुजतेतच."

तात्यांना मरणाची भीती होती, हे मला समजतं. एवढा मोठा गडी, एका सकाळी अंगणात कोसळला, अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात गेला. ज्याला नाव आहे त्याला धरून ठेवता येतं असं त्यांना वाटत असेल, म्हणून ते शब्द घोकत असतील. हे सगळं मला समजतं. समजून शिसारी तसूभरही कमी होत नाही.

यंदा हळद काढणीच्या दिवसांत काकू चुलीपुढेच कलंडली. शेजारच्या मुलीने मला फोन केला, मी वसमतहून भाड्याची गाडी घेऊन गेले आणि तिला नांदेडला नेलं. तात्या पुढच्या सीटवर, बोटाला यंत्र. या वेळी वरच्या मजल्यावर न्यायला स्ट्रेचर होतं. छातीचे डॉक्टर तरुण होते. तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "यांची फुप्फुसं धुराने आणि धुळीने कित्येक वर्षं खराब होत आलीत. सीओपीडी म्हणतात याला. त्या फुप्फुसांत रक्त ढकलून ढकलून आता हृदयाची उजवी बाजू सुजली आहे. कॉर पल्मोनाले."

आतापर्यंत खिडकीबाहेर बघत असलेले तात्या गर्रकन वळले. "हार्ट? तिचं हार्ट?" शेजाऱ्याने बांध कोरला की माणूस जसा बघतो, तसे ते डॉक्टरांकडे बघत होते. मग म्हणाले, "काय म्हणले सायेब? पुन्हा एकदा सांगा ते नाव."

"कॉर पल्मोनाले. यांना दम कधीपासून लागतो?"

"दम व्हय? दम तं तिला पहिल्यापासूनच हाय."

"मग आणलं का नाही?"

तात्यांनी सदऱ्याच्या बटणाला हात घातला. "आता कसं हाय सायेब, माझीच बायपास झालेली," ते म्हणाले आणि दोन बटणं सोडली. डॉक्टर खुर्चीवरून उठून बाहेर निघून गेले.

काकूला ऑक्सिजन लावला होता. खाट उशाकडून थोडी वर केलेली, पण ती आडवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मास्क बाजूला सारून मला सांगितलं, "किती दिसांनी आडवी झोपले व माय. पाठ टेकली." तिच्या चेहऱ्यावर असं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ती गेली. खोलीबाहेर तात्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ गेले तर 'कॉर पल्मोनाले, कॉर पल्मोनाले' असं पाठांतर चाललं होतं.

दहाव्यानंतर मी कुरुंद्याला गेले. ओसरीवर भेटायला आलेली माणसं बसली होती. तात्यांचा पुण्याला असणारा मुलगा आणि सून आलेले होते. तात्या मधोमध, बटणं सुटलेली, बोटाला यंत्र. "कॉर पल्मोनाले," ते सांगत होते, "लाखात एकाला होते. आपल्या तालुक्यात आजपावतर कोणाला झालेली न्हाई. माझी डावी बाजू, तिची उजवी. दोघायचंबी हार्टच." लोक हळहळत होते. जिवंतपणी जिच्या दुखण्याला नाव नव्हतं, तिच्या मरणाला आता एवढं मोठं नाव होतं, आणि तेही तात्यांनीच आपल्या पदरात पाडून घेतलं होतं.

माझ्याकडे लक्ष जाताच ते म्हणाले, "शोभा होती संगं. इचारा तिला. सांग व शोभा, डॉक्टरनं काय बिमारी सांगतली काकूला?"

"दम," मी म्हणाले. "काकूला दम लागत होता, तात्या. बैलाला लागतो तसा."

तात्या माझ्याकडे बघत राहिले, आणि क्षणभर मला वाटलं, आता खजील होतील. मग ते पाहुण्यांकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तरीण हाय, पण सायन्स न्हाई तिला. मराठी शिकवते."

मी आत गेले. स्वयंपाकघरात चुलीपुढे पुण्याची सून बसली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पदराआड खोकत होती आणि हातात तोच पुठ्ठा. बाजूला गॅस झाकून ठेवलेला.

"गॅसवर कर की गं."

"मामांना चुलीवरचीच लागते, ताई. हार्टचं आहे ना त्यांना."

मी माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं. लाकडं फुसफुसली, आणि राख, वाफ, धूर असा सगळा लोट उठून दारातून ओसरीवर गेला. बाहेरून तात्यांचा आवाज आला, "काय जाळून राहिले व तिकडं? दार लावून घ्या! माझ्या हार्टला धूर चालत न्हाई!"

सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मीही म्हणाले नाही.