आधी हळद

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी कऱ्हाड सोडलं. एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती, पुण्याहून पुढे भोपाळची रेल्वे. आमचे अप्पा त्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि भोंग्यावरून ओरडायचं, हे त्यांचं काम. त्या दिवशी ते खिडकी सोडून बाहेर आले. आई माझ्या खिडकीखाली उभी राहून रडत होती. रडता रडता तिने स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढली, मला खाली वाकायला लावलं आणि माझ्या गळ्यात घालून रेशमाचा गोंडा मागे घट्ट ओढला. वर पदराला सेफ्टी पिन लावून दिली. अप्पांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. ते म्हणाले, "शैले, परक्या गावात कुणाची तोंडं बघत बसू नकोस. हात बघ. तोंड खोटं बोलतं, हाताला ते जमत नाही." आणि वळून आत गेले, कारण सांगलीची गाडी लागत होती.

दादा, तू तेव्हा माझी ट्रंक टपावर चढवत होतास, त्यामुळे हे तू ऐकलं नसशील. आज तुला आणि कऱ्हाडात राहिलेल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या संक्रांतीला घडलेली, मुद्दाम लपवून ठेवलेली. तू ओरडशील. ओरड, पण शेवटपर्यंत वाच.

अप्पांचं ते वाक्य मी अक्षरशः पाळलं. आमच्या ह्यांची नोकरी इथल्या मोठ्या कारखान्यात, म्हणून आम्ही इंद्रपुरीत राहिलो. पहिल्याच महिन्यात न्यू मार्केटात एक सभ्य दिसणारा माणूस मागून म्हणाला, "दीदी, आपके पैसे गिर गए." मी खाली वाकणारच होते. तेवढ्यात त्याच्या हाताकडे नजर गेली. एका हातावर वर्तमानपत्राची घडी पांघरलेली, आणि तो हात माझ्या पर्सच्या बाजूला. मी पर्स छातीशी धरली, वाकलेच नाही, आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिले. तो गर्दीत विरघळला. खाली पैसेबिसे काही नव्हते. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, असेलही चांगला माणूस." ह्यांना सगळेच चांगले वाटतात. म्हणून तर मला दोघांच्या वाटचा संशय घ्यावा लागतो.

तेव्हापासून मी अशीच आहे. रस्त्याने जाताना पर्स भिंतीच्या बाजूला, समोरून गाड्या येतील अशा कडेने चालायचं, म्हणजे मागून कुणी हात घालणार नाही. पाठीमागे बराच वेळ तीच चप्पल वाजायला लागली की मी चपलेचा पट्टा नीट करायला थांबते आणि त्या माणसाला पुढे जाऊ देते. चांगला असेल तर निघून जातो, नसेल तर तोही थांबतो. उभ्या मोटारसायकलवरच्या माणसाने डोक्यावर हेल्मेट ठेवलंय आणि इंजिनही चालू आहे, तर मी गलीच बदलते. मोहल्ल्यातल्या बायका मला सीआयडी म्हणतात. म्हणोत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या गळ्यातलं गेलं, माझं नाही गेलं.

आणि ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय, तो आमच्या गेटासमोरचा पंक्चरवाला लल्लन. माणूस दिवसभर एका जुन्या टायरवर बसून रस्त्याकडे टक लावून बघत असतो. ह्यांची पाळी कधी, आमचा गॅस कधी येतो, मी भाजीला कधी निघते, सगळं ह्याला पाठ. एवढी माहिती कशाला लागते हो पंक्चर काढायला? माझी स्कूटी पंक्चर झाली की मी ती घामाघूम होत ढकलत लांबच्या चौराह्यावर नेते, पण त्याच्याकडे देत नाही. तो आपला हसून म्हणतो, "दीदी, इधर ही दे देतीं." मी ऐकलं न ऐकलं करते.

अप्पा गेल्यावर आई माझ्याकडे आली, ते तुला माहीतच आहे. "चार महिने राहते आणि जाते" असं म्हणून आली. तिची निळी बॅग तिने पलंगाखाली भरलेलीच ठेवली. रोजच्या दोन साड्या तेवढ्या बाहेर, बाकी सगळं आत. मी कपाटातला कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. मी रोज केर काढताना ती बॅग बघायची आणि मला धस्स व्हायचं. तुझा दर रविवारी फोन, "आईला पाठवून दे, तुमच्या त्या शहरात तिचं मन कसं रमणार." मला ती हवी होती रे. इतकी वर्षं परक्या गावात काढल्यावर संध्याकाळी घरात कुणीतरी "शैले" म्हणून हाक मारतंय, ते मला परत द्यायचं नव्हतं. पण इथे काही वेडंवाकडं झालं तर तिला थांबवायला माझ्याकडे तोंड राहणार नव्हतं. म्हणून मी आणखीच डोळ्यांत तेल घालून वागायला लागले.

आईचं मात्र उलटं. ती सकाळी गेटात उभी राहून लल्लनशी गप्पा मारायची. तिचं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं. "तुम्हारा गाव कौनसा है? आई है क्या?" मी तिला आत ओढून आणायची. "आई, घरात कोण असतं, कोण नसतं, ते त्याला सांगत जाऊ नकोस."

"तो कशाला विचारतोय? मीच विचारते त्याला."

"दिवसभर बघत असतो तो इकडे."

"अगं, रस्त्यावर बसणारा माणूस रस्त्याकडेच बघणार. तुझे अप्पा आयुष्यभर दुसरं काय करत होते?"

मी गेटाला कडी घातली.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मराठी बायकांनी अजून टिकवलंय. दुपारी चारनंतर इंद्रपुरीत बघशील तर काठपदराच्या साड्या नेसलेल्या, हातात वाणाच्या पिशव्या घेतलेल्या बायका या गलीतून त्या गलीत. वर्षातला हा एकच दिवस मी बोरमाळ बाहेर काढते आणि पदराच्या वर घालते. आईची माळ आहे, चारचौघींत दिसायला नको? आई माझ्याबरोबर निघाली. अप्पा गेल्यापासून ती हळदीकुंकू लावून घेत नाही. मी भांडले होते तिच्याशी, "आता कोण पाळतं हे?" ती म्हणाली, "मला नको वाटतं, तर मला राहू दे. तुझी पिशवी धरते, चल." प्रत्येक घरात ती दोन पावलं बाजूला उभी राहायची आणि बघायची.

तिसऱ्या घरातून निघून आम्ही आमच्या गलीत शिरलो. गेट समोर दिसत होतं. तेवढ्यात समोरून दोघी आल्या, एक माझ्या वयाची, एक तरुण. हिरव्या साड्या, नथी, मोठीच्या हातात हळदीकुंकवाचं तबक. "अहो ताई, थांबा की. तिळगूळ घ्या, गोड बोला."

दादा, तू कऱ्हाडात राहतोस, तुला हे कळायचं नाही. तिकडे रस्त्यात मराठी ऐकू आलं तर कुणी वळूनही बघत नाही. इथे भाजीवाल्याशी हिंदी, डॉक्टरशी हिंदी, रागावायचं तरी हिंदीत. अशात अनोळखी बाई रस्त्यात "ताई, थांबा की" म्हणाली की आत काहीतरी लोण्यासारखं होतं. मी विचारलंसुद्धा नाही की तुम्ही कुठल्या, कुणाकडे आलात. गलीच्या टोकाला छोटा पूल आहे, इथे त्याला पुलिया म्हणतात, तिच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी होती. हेल्मेट घातलेला माणूस, इंजिन चालू. मला ती दिसली होती. दिसली आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. हळदीकुंकवाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच डोक्यात. मी मान पुढे केली. कुंकू लावताना डोळे आपोआप मिटतात, तसे मिटले.

कपाळाला बोट लागलं. आणि बाजूने आईचा आवाज आला, अगदी शांत, घरातल्या सुनेला सांगावं तसा. "आधी हळद, बाई."

मी डोळे उघडले. आईने त्या मोठीचं मनगट धरलं होतं. तबक धरलेला हात नव्हे, दुसरा. कुंकू लावून तो माझ्या मानेमागे गेला होता आणि बोरमाळेचा गोंडा अर्धा ढिला झालेला. बाईने आधी कुंकू लावलं होतं. मराठी घरात जन्मलेली चार वर्षांची पोरही असं करणार नाही. आधी हळद, मग कुंकू. ती नथ, ती साडी, ते दोन वाक्यांचं मराठी सगळं जमवून आणलं होतं, पण जे कुणाला शिकवावं लागत नाही, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाईने हिसका दिला. रेशीम तुटलं आणि सोन्याचे मणी रस्त्यावर उधळले. तबक पडलं. आई सत्तरीची, हडकुळी, पण मनगट सोडेना. "धरा, धरा" असं मराठीतच ओरडत होती. मी? मी पुतळ्यासारखी उभी. इतक्या वर्षांची सीआयडी! त्या तरुण मुलीने आईला ढकललं. आई खाली बसली आणि दोघी मोटारसायकलकडे पळाल्या. तेवढ्यात कुणीतरी मोठा ट्रकचा टायर गलीत सोडला, तो गडगडत त्यांच्या वाटेत गेला. मोटारसायकलवाल्याने त्यांची वाट न बघता गाडी पळवली. त्या दोघी बाजूच्या बोळातून निसटल्या, त्या अजून सापडलेल्या नाहीत. टायर लल्लनने सोडला होता. हातात लोखंडी पहार घेऊन तो आईपाशी येऊन उभा राहिला. "अम्मा, लगी तो नहीं?"

आईला खरचटलं होतं, बाकी काही नाही. ती रस्त्यावर बसल्या बसल्याच मणी वेचायला लागली. मग आख्खी गली वाकली. शेजारच्या मिश्रा भाभींनी घरातून पिठाची चाळण आणली आणि नालीच्या कडेची माती चाळायला बसल्या. याच भाभी खिडकीच्या पडद्याआडून आमच्याकडे बघतात म्हणून मी त्यांच्याशी बेताने बोलायची. कुणी रिक्षा थांबवली, कुणी मोबाइलचा उजेड धरला. मी मात्र प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. कोण मणी उचलून मुठीत ठेवतंय का. खरं सांगते, तेव्हाही बघत होते. प्रत्येक हात आईच्या ओंजळीपाशी येऊन उघडत होता.

संध्याकाळी हे ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आले. आईने ताटात मणी लावून बघितले, एक कमी होता, पदकाशेजारचा मोठा. उठून तिने पलंगाखालची निळी बॅग ओढली आणि पलंगावर ठेवली. मला वाटलं, झालं, उद्याचं तिकीट काढायला सांगणार, आणि मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? मी तशीच दारात उभी राहिले. ती बॅग उघडून एकेक साडी काढत होती आणि कपाटाच्या त्या रिकाम्या कप्प्यात रचत होती.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"काय करू मग? तुला एकटीला इथं ठेवून कशी जाऊ? तुला काही दिसत नाही." आणि अप्पांचा फोटो बॅगेच्या तळातून काढून तिने कप्प्यात साड्यांवर ठेवला.

मला, सीआयडीला, काही दिसत नाही. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. पण ती बरोबर बोलत होती. मी इतकी वर्षं या गावाकडे डोळे फाडून बघितलं, आणि मराठीचे दोन शब्द ऐकल्यावर मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लल्लन गेटात आला. "दीदी, ये टायर की खाँच में फँसा था." मी आधी विचारलं, "कल क्यों नहीं दिया?" तो म्हणाला, "कल दिखा ही नहीं. सुबह टायर धोया, तब निकला." मला तरी थोडा संशय आलाच, माझा स्वभाव आहे तो. मग मी अप्पांनी सांगितलं होतं तसं केलं. त्याचा हात बघितला. तळहात ऑइलने काळा कुळकुळीत आणि त्यावर तो मणी धुऊन पुसून लख्ख केलेला. दादा, आता माझी स्कूटी त्याच्याकडेच असते. पैसे जरा जास्तच घेतो, त्यावर माझी नजर आहे.

मी अजूनही भिंतीच्या बाजूला पर्स धरते. अजूनही चपलेचा पट्टा नीट करायला थांबते. तुम्ही जे कऱ्हाडात आहात आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे गेलात, कुणीच ही सवय सोडू नका, आणि आपली बोली ऐकून तर मुळीच सोडू नका. पण दादा, तू विचारतोस ना, "आई घरी कधी येणार?" तर तिची निळी बॅग आता रिकामी आहे आणि बोरमाळ पुन्हा ओवून झाली आहे. परवा रथसप्तमीला मिश्रा भाभी पहिल्यांदाच आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. मी त्यांना लावलं, मग त्यांनी मला लावायला बोट पुढे केलं आणि मी मान पुढे करून डोळे उघडेच ठेवले, टक्क. भाभी गोंधळल्या. मागे वाणाची पिशवी धरून आई उभी होती.

"मीट डोळे, शैले," ती म्हणाली. "मी बघतेय."

मी मिटले. आधी हळद लागली.