तीन चॅनेल आणि शाळेमागची टाकी

माझा मामा नोकरीभर दुकानांतले वजनकाटे तपासत फिरला. तो निवृत्त झाला, सवय काही निवृत्त झाली नाही. मामीने दूध तापलं म्हणून सांगितलं तरी हा उठून पातेल्यात डोकावणार. मामी म्हणते, "यांचा आरशावरही भरवसा नाही. दोन आरशांत बघून भांग पाडतात, आणि केस उरलेत चार."

बातम्यांचंही तेच. एकच बातमी तीन चॅनेलांवर पाहिल्याशिवाय मामा ती खरी मानायचा नाही. एकाने सांगितली तर अफवा, दोघांनी सांगितली तर बघू, तिघांनी सांगितली की पक्की. "तीन काटे एकच वजन दाखवत असतील तर शंका कशाला घ्यायची?" असं तो रिमोट खाली ठेवत म्हणायचा. मला याचं फार कौतुक वाटायचं, कारण मी पहिल्याच चॅनेलवर विश्वास ठेवून मोकळी होते.

मामाला जिवलग म्हणावा असा दोस्त एकच, टाकीवाला. बाजारात पाण्याची उंच टाकी आहे, तिचे पंप नि व्हॉल्व्ह तो सांभाळतो. रोज दुपारी पंप बंद केला की तो मामाकडे यायचा आणि दोघं गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडायचे. खेळ कमी, चाल परत घेण्यावरून भांडण जास्त. मामीचा चहा त्या भांडणात गार व्हायचा.

एके दिवशी सकाळी बातमी आली की टाकीला तडा गेलाय. पहिल्या चॅनेलवर खालच्या पट्टीत, दुसऱ्यावर लाल अक्षरांत, तिसऱ्यावर तर टाकीचा फोटो आणि त्याभोवती गरगर फिरणारं वर्तुळ. देखभालीत हलगर्जीपणा झाला का, असंही विचारत होते. बाजारात घबराट उडाली आणि चौकशी होईपर्यंत टाकीवाल्याला घरी बसवलं.

"अहो, जाऊन त्यांनाच विचारा ना," मामी म्हणाली.

"काटा बरोबर आहे का, हे दुकानदाराला विचारत नसतात," मामा म्हणाला. "तो काय सांगणार?"

दुपारी नेहमीच्या वेळेला टाकीवाला आला. मामाने दार उघडलं, पण पट काही काढला नाही. "चौकशी होऊ दे, मग बसू," म्हणाला. टाकीवाला चपला न काढताच मागे फिरला. मला मामाचा असा राग आला की मी त्याच्या हातातला रिमोटच काढून घेतला.

रागारागात चॅनेल बदलता बदलता मला एक गंमत दिसली. "मामा, तिघांचे शब्दसुद्धा सारखे आहेत. शाळेमागच्या टाकीला तडा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

मामा खुर्चीत सरळ झाला. तीन काटे नेमके सारखे चुकताना सापडले, की ते एकाच माणसाने एकाच झिजलेल्या वजनावर जुळवलेले असतात, हे त्याने उभ्या जन्मात कितीदा पकडलं होतं. "मग हे कोणी जुळवले?" त्याने स्वतःलाच विचारलं आणि पायात चपला सरकवल्या. मीही निघाले. आता मलाही राहवेना.

जवळच्या चॅनेलचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एक बातमीदार बाई टेबलाशी बिस्किट खात बसल्या होत्या. स्वभावाने मोकळ्या निघाल्या. "त्या दोघांनी आमचीच बातमी उचलली, काका."

"आणि तुम्हाला कोणी दिली?"

"सूत्रांनी."

"सूत्रं म्हणजे कोण?"

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. "आमच्या प्रेक्षकांच्या नंबरवर फोन आला होता. निवृत्त सरकारी तपासनीस. जाणकार माणूस वाटला. शाळेमागच्या टाकीवर काळी रेघ दिसतेय, तडा गेलाय का, तुमच्याकडे काही बातमी आहे का, असं विचारत होते."

मी मामाकडे पाहिलं. सगळा बाजार तिला बाजारातली टाकी म्हणतो. शाळेच्या मागे ती फक्त आमच्या मामाच्या गॅलरीतून दिसते. मामाचे कान लाल झाले होते.

"विचारत होते ना?" तो हळूच म्हणाला. "सांगत नव्हते."

"आम्हीपण आधी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, काका. पुढे ते कुठेतरी गळलं."

"मला वाटलं, मी विचारलं आणि तुम्ही तपासलंत."

बाईंच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. मग बातमी काढा, असं मामा म्हणाला. त्या म्हणाल्या, दिलेली काढता येत नाही, नवी देता येते. आम्ही घरी पोचेपर्यंत पट्टीवर आलंसुद्धा: टाकीला तडा नसल्याचा निवृत्त तपासनीसाचा दावा. मामाने कपाळाला हात लावला. तो असंही म्हणाला नव्हता.

पुढे इंजिनिअर येऊन टाकी बघून गेले. तडा नव्हताच. टाकीवाला कामावर रुजू झाला, पण दुपारी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामाने टीव्ही लावणं सोडलं. गॅलरीत पट मांडून तो दोन्ही बाजूंनी खेळायचा आणि दोन्हीकडून हरल्यासारखा दिसायचा. मला त्याची दया यायला लागली. शेवटी त्याने पट काखोटीला मारला आणि टाकीकडे निघाला. एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून मला बरोबर घेतलं.

टाकीवाला पंपाजवळ बसला होता. मामाने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं, फोनसकट.

"मला का नाही विचारलंस?" टाकीवाला म्हणाला.

"दुकानदाराला..." मामा एवढंच बोलला आणि काखेतला पट सावरायला लागला.

टाकीवाल्याला पुढचं कळलं असावं. तो उठला. "चल वर," म्हणाला. मामाचे गुडघे कुरकुरत होते, तरी तो मुकाट्याने लोखंडी जिना चढला. मागून मी. वरच्या टप्प्यावर, हाताच्या अंतरावर ती काळी रेघ होती. टाकी भरून वाहिली की पाणी तिथून ओघळायचं.

"शेवाळ आहे," टाकीवाला म्हणाला.

मामाने मान डोलावली. मग पट डाव्या काखेत घेऊन त्याने उजव्या हाताची बोटं रेघेवरून फिरवली आणि डोळ्यांपाशी धरून पाहिली. बोटं हिरवी झाली होती.

"झाली खात्री?" टाकीवाल्याने विचारलं.

"मी खात्री करायला आलोच नव्हतो."

"मग हात कशाला लावलास?"

मामा हिरवी बोटं तशीच धरून उभा राहिला. टाकीवाल्याने खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे केला, आणि जिना उतरायला लागला.