तिरकी मान

साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेझर वेल्डिंगच्या मशीनवर कॅमेरा बसवायला मी गेले होते. कॅमेऱ्याने दोन पत्र्यांमधला जोड शोधायचा आणि लेझरने बरोबर त्यावरून जायचं. पण स्टील असं चमकत होतं की स्क्रीनवर नुसता पांढरा डाग. दिव्यावर एक आणि कॅमेऱ्यावर एक अशा चकाकी कापणाऱ्या काचा लावल्या होत्या, तरी तेच. तासाभरात मालक बघायला येणार होता.

माझ्या मागे गाळ्यातला जुना वेल्डर उभा होता. कुठलाही तुकडा हातात आला की तो आधी मान डावीकडे कलती करायचा, मग एक डोळा बारीक करायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"तुझा कॅमेरा मान तिरकी करतो काय गं?"

"नाही काका, तो फिक्स आहे."

"मग चमक जाणार कशी? आम्ही आयुष्यभर मान वाकडी करून जोड बघितला. त्याची काच तरी फिरव ना."

ती काच मी सकाळी घाईत जशी बसली तशी आवळून टाकली होती. त्याने ती सैल केली आणि रेडिओचं स्टेशन लावावं तशी दोन बोटांनी हळूहळू फिरवली. डाग विझत गेला आणि केसाएवढी काळी रेघ उमटली. लेझर सुरू केला, तो त्या रेघेवरून सरळ धावत गेला.

"झकास, काका, झकास," मी नाचायचीच बाकी होते.

जोड आता समोरून लख्ख दिसत होता, पण काका स्क्रीनकडेही मान तिरकी करूनच बघत होता.