तयार मालाचं माप

मावशींच्या घरात कुठलीही वस्तू तीन दिवसांच्या वर उघडी राहत नसे. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, टेबलफॅनला थंडीत घालायची वेगळी खोळ आणि शिलाई मशीनला तर दोन: एक रोजची, एक पाहुणे आले म्हणजे घालायची. मावशींचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणत असे, ते सांगायचे की मी एका जागी फार वेळ बसतच नाही, न जाणो मलाही बटणं लागायची.

मावशींची बाजूही ऐकायला हवी. घराच्या पुढच्या खोलीत त्या चाळीस वर्षं कपडे शिवत होत्या. कापड फाडलं, कातरलं की त्याचा बारीक धुरळा उडतो आणि जिथे फट दिसेल तिथे जाऊन बसतो. खोळ नसती तर त्या घरातला रेडिओ कधीच खोकायला लागला असता.

शिवणाच्या बाबतीत मावशी नाकावर माशी बसू देत नसत. कपडा कसा हवा, तर अंगाबरोबर. माप घेताना टेप ओढून धरायच्या आणि कापताना आणखी अर्धा इंच मनानेच कमी करायच्या. सैल कपडा म्हणजे शिंप्याचा आळस, असं त्यांचं ठाम मत. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं राही, छान झालाय म्हणे आणि घरी जाऊन हळूच एक शिवण उसवी. पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. तयार कपड्यांचं तर नावही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. ‘सगळ्यांना होतो म्हणजे कुणालाच होत नाही,’ एवढं एक वाक्य बोलून त्या टीप मारायला लागत.

अशा मावशींनी एका बुधवारी तयार कॉम्प्युटर विकत आणला, म्हणजे पाणी कुठवर आलं असेल ते लक्षात घ्या.

कारण होते त्यांचे दादा. सख्खे थोरले भाऊ, राहायला चार तासांवरच्या गावी. अकरा वर्षांपूर्वी दादांच्या मुलीच्या लग्नात मावशींनी दादांसाठी कोट शिवला होता. आठ दिवस त्या दुसऱ्या कशाला शिवल्या नव्हत्या. आणि लग्नाच्या सकाळी दादा मांडवात आले ते दुकानातून आणलेला तयार कोट घालून. विचारलं तर म्हणाले, “हाच बरा वाटला.” बस्स, एवढंच. मावशी जेवल्यासुद्धा नाहीत. स्वतः शिवलेला कोट उचलून घरी घेऊन आल्या, त्यालाही एक खोळ शिवली आणि कपाटात टांगला. त्या दिवसापासून बहीणभावांत अळीमिळी गुपचिळी.

ही कोंडी फोडली दादांच्या त्याच मुलीने. दादांचे गुडघे गेले होते, घराबाहेर पडणं होत नव्हतं, तर तिने त्यांना कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. मग आत्याकडे आली आणि तोच खेळ, तसंच चाक नि पायाखालचं पायडल मावशींच्या घरी पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरला लावून गेली. लहानपणी दोघं भाड्याच्या सायकली घेऊन शर्यत लावायची. मावशी मागे पडल्या की सायकलची चेन पडली म्हणून उतरून उभ्या राहायच्या. ‘रडीचा डाव, टाचणीचा रडीचा डाव,’ असं दादा गल्लीभर ओरडत. टाचणी हे दादांनीच ठेवलेलं नाव. बारीक आणि टोचणारी म्हणून.

तर आता दर रविवारी दुपारी चार वाजता दोघं कानाला हेडफोन लावून बसत. लग्नाचा विषय नाही, कोटाचा नाही. “डावीकडे वळण आहे,” “ब्रेक लाव, आपटशील,” एवढंच बोलणं. पण अकरा वर्षांनंतर तेवढंही मावशींना पोटभर वाटे. शिवाय चाळीस वर्षं मशीनच्या पायडलवर गेलेला पाय, त्या बऱ्याच वेळा जिंकायच्याही.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. दादांनी घेतली. मावशींच्या जुन्या कॉम्प्युटरने ती पाहिली आणि हातच टेकले. दोन रविवार कोरडे गेले. भाची फोनवर म्हणाली, एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जोडून घे, अगदी तुझ्या मापाचा होईल. मावशींना ते पटलंही, पण त्याला तीन आठवडे लागणार होते. तीन आठवडे गप्प बसायचा त्या दोघांचा अनुभव फार दांडगा होता. पुन्हा सवय लागायला वेळ लागणार नाही, ही मावशींना धास्ती.

दुकानात गेल्यावर त्यांनी तिथल्या मेकॅनिकला एकच प्रश्न तीन वेळा विचारला: ह्याच्या ग्राफिक्सला हा खेळ झेपेल का? मेकॅनिक झोपाळू डोळ्यांचा, चाळिशीतला, सबुरीचा माणूस. त्याने सांगितलं की चित्रं काढायचं काम ह्यात वेगळ्या कार्डाकडे दिलेलं आहे, ते सेकंदाला साठ चित्रं काढतं आणि गाडी लोण्यासारखी पळते. मावशींनी झाकण उघडायला लावून आत डोकावून पाहिलं. तारा नीट बांधलेल्या होत्या, लोंबकळत काही नव्हतं. “तयार माल आहे, पण आतून शिवण बरी आहे,” असं म्हणून त्यांनी तो घेतला.

बुधवारी घरी दहा मिनिटं चालवून पाहिला, झकास चालला. शनिवारपर्यंत खोळ तयार झाली. मावशींच्या हातची ती सगळ्यांत देखणी खोळ असावी. जाड कापड, आतून अस्तर, कडेने किनार, मागे तारांसाठी सात काज आणि पुढे चालूबंदच्या बटणासाठी एक. काढायची गरजच नाही, घातलेली असतानाच सगळं करता येईल. बाजूला कसली तरी बारीक जाळी होती, धुरळा आत जाईल अशी, ती तर त्यांनी दुहेरी अस्तर लावून बंद केली.

रविवारी चारला शर्यत सुरू झाली. दोन फेऱ्या सुरेख गेल्या. तिसऱ्या फेरीत दादा पुढे निघाले आणि नेमकी तेव्हाच मावशींची गाडी अडखळायला लागली. एक चित्र, मग थांब, मग दुसरं चित्र. शेवटी ती वळणावर उभीच राहिली. हेडफोनमधून दादांचं हसू आलं. “टाचणे, चेन पडली वाटतं?” मावशींनी शपथा घेतल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी जुन्या चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन त्या कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेल्या. खोळ घरी ठेवली, रस्त्यात मळली असती. मेकॅनिकने खेळ लावला आणि अर्धा तास स्वतःच शर्यती केल्या. कुठे अडखळणं नाही की काही नाही. मावशी नाक मुठीत धरून परत आल्या. काका म्हणाले, घरची वीज कमी पडत असेल. मग प्लग बदलला, तार बदलली, खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि दर वेळी कॉम्प्युटर तासभर चालू ठेवून पाहिला. तेवढ्या आठवड्यात काकांनी स्वतःची खुर्ची मात्र कॉम्प्युटरच्या बाजूला ओढून घेतली होती. का, तर म्हणे तिथे पाय शेकल्यासारखं बरं वाटतं. त्यावर कुणी विचार केला नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच, तिसऱ्या फेरीत. ह्या वेळी दादा हसले नाहीत. म्हणाले, “तुला खेळायचं नसेल तर तसं सांग. बहाणे नकोत. पुढच्या रविवारीही असंच झालं, तर मी समजून जाईन.” आणि हेडफोन काढल्याचा आवाज आला.

मावशींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान गाठलं. पुन्हा तिथे तो शहाण्यासारखा पळाला. त्या चिडल्या, तयार माल तो तयार मालच, असं म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता दुकानात सगळ्यांदेखत त्यांचे डोळे भरून आले. मेकॅनिकला काही कळलं नाही, पण त्याने रविवारी तीन वाजता घरी येऊन पाहतो असं कबूल केलं.

आला तो बरोबर तीनला. आणि दारातच थांबला.

“हे काय आहे?”

“खोळ,” मावशी म्हणाल्या, आणि त्याला नीट दिसावी म्हणून बाजूला झाल्या.

त्याला दाखवायचं म्हणून त्यांनी खेळ तासभर आधीच चालू करून ठेवला होता. माणूस गुणाचा होता. आधी त्याने काज पाहिले, एकसारखे आहेत म्हणाला. मग खोळीवर तळहात ठेवला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. दुकानात आणताना ही घालून का नाही आणली, असं त्याने विचारलं. मळली असती, असं मावशींनी सांगितलं. मेकॅनिक काकांच्या खुर्चीत बसला.

“मावशी, ह्याला सगळं झेपतं हो. तुम्ही त्याला नाकतोंड दाबून पळायला लावलंय.”

मग त्याने समजावलं. आत पंखे आहेत, ते त्या जाळीतून हवा ओढतात. हवा मिळाली नाही की कार्ड तापतं, आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच काम हळू करतं. म्हणून दोन फेऱ्या बऱ्या जायच्या नि तिसरीत दम लागायचा. धुरळ्याचं म्हणाल तर जाळीला चाळणीसारखं विरळ कापड लावा आणि आठवड्याला झटका.

“मग त्यानं आधीच नाही का सांगायचं?” मावशी जरा तोऱ्यातच म्हणाल्या.

“सांगत होता की. हळू होत होता, ते सांगणंच होतं.”

 मावशींनी खोळीची बटणं काढली. मेकॅनिक चहा घेऊन गेला. काका कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, सुटला बिचारा. मावशी मात्र उभ्याच होत्या, आणि त्यांचं लक्ष कपाटाकडे होतं.

त्यांनी कपाट उघडलं, आतल्या कोटाची खोळ काढली आणि अकरा वर्षांनी तो कोट टेबलावर पसरला. टेप लावला. मग मापांची जुनी वही काढून दादांचं पान शोधलं. छाती, बेचाळीस. टेपही बेचाळीसच दाखवत होता, कणभर कमी पण जास्त नाही. कोट छातीपेक्षा चार बोटं मोठा ठेवावा लागतो, आत सदरा असतो, सदऱ्यात माणूस असतो आणि माणूस श्वास घेतो, हे नवशिक्या पोरीलाही कळतं. मावशींनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. टेप गळ्यात तसाच ठेवून त्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या.

चार वाजले. शर्यत सुरू झाली. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरीत गाडी अशी पळाली की मावशी दादांच्या पुढे निघाल्या.

“आज चेन नाही पडली,” दादा म्हणाले. आवाजातलं समाधान त्यांना लपवता आलं नाही.

“दादा, मशीन गुदमरत होतं. मीच त्याला खोळ शिवली होती. अंगाबरोबर.”

दादा हसायला लागले ते थांबेचनात. मावशींनी हसू दिलं. मग चाकावरची पकड घट्ट करत, समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, “तो कोट तुला घट्ट होत होता का रे?”

हसू बंद झालं. 

“चार वेळा घालून पाहिला,” दादा म्हणाले. “बटणं लागायची. पण बटणं लावली की बोलता येईना. मुलीला निरोप द्यायचा होता गं मला, दोन शब्द बोलून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुला? तुझं माप चुकलं म्हणून? टाचणे, मला त्या लग्नातून जिवंत परत यायचं होतं.”

मावशींना हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग रडू आलं. अकरा वर्षं ज्या माणसाने आपला अपमान केला असं त्या धरून बसल्या होत्या, तो बिचारा आपला मान राखायला गप्प बसला होता. समोरचा रस्ता धूसर झाला. ह्या वेळी ग्राफिक्सचा काही दोष नव्हता. पायडलवरचा पाय आपोआप सुटला. आणि त्या क्षणी दादांची लाल गाडी सुळकन बाजूने निघून शेवटच्या रेघेपलीकडे गेली.

“दादा, हा रडीचा डाव झाला.”

“रडतंय कोण?” दादा म्हणाले, पण त्यांचाही आवाज काही फार कोरडा नव्हता.

मावशींनी पदराने डोळे पुसले, वही पुढे ओढली आणि नव्या पानावर ‘दादा’ असं लिहिलं. पुढच्या रविवारी शर्यत नाही, त्या म्हणाल्या, पहिल्या गाडीने मीच तिकडे येते, टेप घेऊन.

“माप देताना श्वास आत ओढू की सोडू?” दादांनी विचारलं.

“सोड. आणि घट्ट झालं, तर तिथल्या तिथे बोल.”